पाठची

मी : पुन्हा विचारते, आणि या वेळी कुणी विषय बदलायचा नाही. मी कशी आहे? आईने तीन शब्दांत सांगायचं, बाबांनी तीन शब्दांत. एकमेकांकडे बघायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. आणि सगळ्यात जीवघेणी अट माझ्यासाठी आहे. तुमचं होईपर्यंत मी मध्ये एक अक्षर बोलायचं नाही.

बाबा : मग हरलीसच तू. गाडी डेपोतून निघायच्या आधीच पंक्चर.

मी : बाबा!

बाबा : बघ. बोललीस.

मी : अजून सुरू कुठे झालंय! आणि हा खेळ नाहीये, पैज आहे. मुंगी आणि इंजिन म्हणाल्या, वर्गात एवढ्या फुशारक्या मारतेस ना, दम असेल तर हेच घरी विचारून दाखव.

आई : या मुंगी आणि इंजिन कोण?

मी : आई! दोन वर्षं माझ्या बाकावर बसतात. मुंगी म्हणजे ती चिमूटभर, स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत नेणारी. आणि इंजिन एकदा सुरू झाली की थांबत नाही.

बाबा : आणि तू कोण, मागचा डबा?

मी : हा हा. हसले. चल आई, तू आधी.

आई : उजेडातून बाजूला हो. बँकेतल्या बाई पाच वाजता ड्रेस न्यायला येतील आणि माझी तुरपाई अर्धी राहिलीये. शिवाय तोंडात टाचण्या आहेत.

बाबा : तीस वर्षांत टाचण्यांनी तिला कधी अडवलं नाही. काढ गं त्या. रविवारची दुपार आहे, पोरगी एवढी विचारतेय तर सांगून टाकू. मी पण बूट पॉलिश करता करता सांगतो.

आई : हे शाळेत शिकवतात आता?

मी : समुपदेशक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एक कागद दिला आणि उभी घडी घालायला सांगितली. डावीकडे आपण स्वतः कशा आहोत ते लिहायचं. मग डावी बाजू झाकायची आणि कागद बाकावरून फिरवायचा. उजवीकडे बाकीच्यांनी लिहायचं, आपण त्यांना कशा दिसतो ते. आणि शेवटी घडी उघडायची.

बाबा : आणि डावी उजवीशी जुळली नाही तर?

मी : ते नंतर. मी डावीकडे काय लिहिलं ऐका. बिनधास्त. बडबडी. हसरी. कुणाला न घाबरणारी. आणि शेवटी "माझी मी". त्याच्याखाली दोन रेघा.

बाबा : दोन का?

मी : एकीत मावत नव्हतं. आता तुमचं. मी तोंडावर बोट ठेवलंय. आई, बोल.

आई : काय सांगायचं... शांत. समजूतदार. जपून वागणारी.

बाबा : हळवी. दुसऱ्याला सांभाळून घेणारी. आणि... खिडकीत बसायला आवडतं ती.

आई : हे तीन शब्द झाले?

बाबा : सुटे मोजू नकोस. बघ छोटे, आमचं झालं. आता श्वास घे, लाल झालीस.

मी : शांत? आई, शांत? परवा गणिताच्या बाईंनी मला अर्धा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं, बडबड करते म्हणून!

आई : दुसरं कुणी बोललं असेल.

मी : मी बोलत होते! या तोंडाने!

आई : बाईंचा गैरसमज झाला असेल. घरात तर तुझा आवाजसुद्धा नसतो.

मी : घरात... हो. घरात नसतो. गंमत आहे ना? खालच्या फाटकापासून मी गात येते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून म्हणतात, आली रेडिओ. आणि आपल्या मजल्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर आवाज आपोआप बारीक होतो. मी करत नाही. कुणीतरी बटण फिरवल्यासारखा होतो.

बाबा : दमत असशील. तीन मजले आहेत.

मी : आणि बाबा, खिडकी! मला खिडकीत मळमळतं.

बाबा : कुणाला?

मी : मला. तुमच्या मुलीला. ड्रायव्हरच्या मुलीला बस लागते, सांगायची लाज वाटते.

बाबा : काहीतरीच. पहिलीपासून डावीकडची पहिली खिडकी ठेवतो मी तुला. सीटवर टोपी ठेवून राखतो. त्यासाठी लोकांशी भांडलोय.

मी : माहितीये. म्हणून तर बसते. डोळे मिटून. तुम्हाला वाटतं झोपली.

बाबा : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

मी : तुम्ही आरशातून बघता ना, मी त्या खिडकीत बसले की. एकदाच बघता, पण तेव्हा तुमचा चेहरा असा काही होतो की मळमळलं तरी चालेल असं वाटतं.

आई : अहो, ब्रश बुटाला लावा. हाताला पॉलिश करताय.

मी : आता उजवी बाजू. वाचू? कुणी हसायचं नाही. एक, बडबडी. हे जुळलं. पाचांपैकी हे एकच. दोन, हसताना तोंडावर हात घेते. तीन, डब्यातला शेवटचा तुकडा कधी खात नाही. कुणासाठी ठेवलास विचारलं तर "राहू दे" म्हणते. चार, डावा खांदा पाडून चालते आणि सारखी बाही ओढते. आणि पाच... हे इंजिनचं अक्षर, वरून गाडी गेल्यासारखं. "बोलून झालं की मागे बघते. मागे कुणीतरी उभं असल्यासारखं."

बाबा : काय झालं गं?

आई : काही नाही. सुई लागली.

बाबा : बघू. रक्त आलं?

आई : कापडाला नाही लागलं. तू वाच पुढे.

मी : पुढे नाहीये, संपलं. मला वाटलं, मस्करी आहे. मी मागे बघते? मी? शनिवारच्या कार्यक्रमात सगळ्या शाळेसमोर माईक धरून दोन तास बोलणार आहे मी! नववीतून एकटी निवडली गेलेली! तर मुंगीने मला तालमीचा व्हिडिओ दाखवला. आई, मी काय बोलते गं! खोटं नाही, मीच मला टाळ्या वाजवल्या असत्या. पण प्रत्येक वाक्य संपलं की मान मागे. "सुस्वागतम्", मान मागे. "यानंतर सादर होत आहे", मान मागे. मागे नुसता पडदा आहे. आणि डावा खांदा खाली. मला वाटलं ही मी नाहीच, हिला मी दुसरीकडे कुठेतरी बघितलंय. रोज बघते.

बाबा : आरशात.

मी : नाही. तिथे. मशीनच्या वर. ताईच्या फोटोत.

बाबा : त्या जुन्या फोटोत?

मी : बघा ना. हसताना तोंडाशी आलेला हात. खाली गेलेला डावा खांदा. मी हिला एकदाही भेटले नाही. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी ती गेली. मग माझ्याकडे तिचा खांदा कुठून आला?

आई : सख्ख्या बहिणी तुम्ही. तू तिच्या पाठची. रक्तात येतं असं.

मी : मलाही आधी तेच वाटलं. लहानपणी तुम्ही म्हणायचात ना, ही मोठीच्या पाठीवर झाली, तेव्हा मला वाटायचं मी खरंच तिच्या पाठीवर बसून आले. तिला ओझं झालं असेल म्हणून खांदा पडला असेल.

बाबा : अगं काय बोलतेस.

मी : चार वर्षांची होते हो. पण ऐका, आज सकाळी काय केलं. आंघोळ झाल्यावर नुसता टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभी राहिले आणि दोन्ही खांद्यांवर तुझी मोठी लाकडी पट्टी ठेवली. सरळ! पट्टीवर पेन्सिल ठेवली, तीसुद्धा घरंगळली नाही. मग हा तू शिवलेला ड्रेस घातला. आणि खांदा पडला. आई, खांदा माझा नाहीये. ड्रेसचा आहे.

आई : शिवणीत चूक काढतेस माझ्या?

मी : चूक नाही म्हणत...

आई : तीस वर्षं शिवतेय. या दारातून गेलेला एक ड्रेस परत आला नाही.

मी : एक आज आलाय.

बाबा : बरं बरं, ब्रेक लावा दोघी. छोटे, हे बघ, गाडी चालवताना मागच्या आरशात बघावंच लागतं. पण आरशातच बघत बसलं तर गाडी...

मी : बाबा, हे तुमच्या बसच्या मागे रंगवून घ्या. मी आईला विचारतेय. आई, मला राग नाही आलेला. म्हणजे थोडा आलाय. मला एवढंच सांग, माझं चेरीच्या रंगाचं कापड तीन आठवडे कपाटात का आहे?

आई : वेळ मिळाला नाही.

मी : या तीन आठवड्यांत तू सात जणींचे कपडे शिवलेस. बँकेतल्या बाईंचे दोन. माझा कार्यक्रम शनिवारी आहे.

आई : निळा घाल. निळा चांगला आहे.

मी : निळा काखेत करकचतो. मी हात वर करून "जोरदार टाळ्या" म्हटलं की तो फाटेल. खरंच जोरदार टाळ्या पडतील.

आई : शिवते म्हटलं ना.

मी : कधी? अजून माप घेतलं नाहीस.

आई : तुझं माप मला पाठ आहे.

मी : कुणाचं?

आई : तुझं. पाठ आहे.

मी : आई, तू माझं माप कधी घेतलंयस? मी सकाळपासून आठवतेय. एकदाही टेप माझ्या अंगाला लागलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला तू दारात उभी करतेस, हात वर कर, श्वास सोड, पोट आत नको घेऊस. खालच्या काकूंच्या कुत्र्याचं माप घेतलंस, स्वेटरसाठी! त्याला म्हणालीस, हलू नकोस बाळा. मी चौदा वर्षं या घरात आहे आणि मला कधी म्हणाली नाहीस, हलू नकोस.

बाबा : दाखव तिला.

आई : अहो.

बाबा : दाखव. सोळा वर्षं झाली. मीसुद्धा कुणासाठी टोपी ठेवतो ते मला कळतं. ती खिडकी मोठीची होती, छोटे. शाळेच्या स्टॉपला ती उतरायची आणि बाहेरून काचेवर दोन टकटक करायची. निघा ड्रायव्हरसाहेब. अजूनही त्या स्टॉपला दार लावायला मला जरा उशीर होतो. लोक मागून ओरडतात, चला की. मी गिअर अडकला म्हणून सांगतो.

मी : मला तर म्हणाला होतात, खरंच अडकतो.

बाबा : अडकतोच की.

(आई उठते. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खाकी कागदांची जाड गुंडाळी काढते. तिच्यावरचा रबर जुना झालेला असतो, हात लागताच तुटतो.)

मी : हे पेपर कटिंग आहेत? पुढचा भाग, पाठ, बाही... आणि कोपऱ्यात काय लिहिलंय? वय चार. वय पाच. वय सहा. आई, हे किती आहेत?

आई : चौदापर्यंत. तिच्या दर वाढदिवसाला माप घ्यायचे आणि कागद कापून ठेवायचे. वर्षभर त्यावरून शिवायचं. तिचे कपडे मी देऊन टाकले, एकूण एक. कागद मागायला कुणी आलं नाही. कागद राहिले.

मी : आणि मग मी चार वर्षांची झाले.

आई : तेव्हा पुन्हा कापायचा कशाला म्हटलं. तयार होता.

मी : ही लाल पेन्सिल?

आई : तिची.

मी : आणि ही निळी?

आई : तुझी. प्रत्येक कागदावर आहे, बघ नीट. तुला वाटतं मी तुला बघितलंच नाही. तुझे हात तिच्यापेक्षा लांब. बाहीला निळी रेघ पुढे गेलीये. तू टांगा टाकत चालतेस, तिच्या घेरात अडखळली असतीस, म्हणून घेर बाहेर काढलाय. आठव्या वर्षी एकदम सुटलीस, तेव्हा दोन्ही बाजूंना माया जास्त सोडली, उसवून वाढवता यावं म्हणून. टेप लावली नाही तरी माझ्या डोळ्यांना इंच कळतो गं.

मी : सगळीकडे निळी लालच्या बाहेर आहे.

आई : असणारच. तू कुठे आत मावतेस.

मी : फक्त इथे नाही. डाव्या खांद्याला एकाही कागदावर निळी रेघ नाही.

आई : नाही.

मी : विसरलीस?

आई : तिचा खांदा जन्मापासून बोटभर खाली होता. मी कापड तसंच कापायचे, म्हणजे तिला ओढायचं नाही. तुझा तसा नाही हे मला तुझ्या पहिल्या फ्रॉकलाच दिसलं होतं. मी पेन्सिल हातात घेतली होती. दर वर्षी घेते. बाकी सगळं बदललं. तेवढं एक मोडवेना.

मी : म्हणून मी सारखी बाही ओढते.

आई : म्हणून ओढतेस. दिसतं मला. प्रत्येक वेळी दिसतं.

मी : चौदाच्या पुढचा कागद कुठाय?

आई : दे ती गुंडाळी इकडे.

मी : आई? पंधरा?

बाबा : नाहीये, छोटे. म्हणून कापड कपाटात आहे.

मी : थांबा. थांबा. मंगळवारी तुम्ही मला शाळेत जाऊ दिलं नाहीत. आई म्हणाली, अंग कोमट आहे. थर्मामीटर लावला तर काही नव्हतं. तरी माझ्या कपाळाला तू सात वेळा हात लावलास, मी मोजले. आणि बाबा दुपारी जेवायला घरी आले. बाबा कधीच येत नाहीत. मला वाटलं, माझे लाड चाललेत.

बाबा : मंगळवारी तुला चौदा वर्षं, सात महिने आणि नऊ दिवस झाले.

मी : एवढं कोण मोजतं?

बाबा : ती तेवढीच होती.

मी : म्हणजे बुधवारी...

बाबा : बुधवारी सकाळी तू उठलीस. दात घासताना गुणगुणत होतीस, तोंडात फेस आणि वर गाणं. आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो.

मी : मी दार उघडलं तर तुम्ही म्हणालात, नळ दुरुस्त करायचाय.

बाबा : तेव्हा तोच सुचला.

मी : आई, टेप का लावत नाहीस मला? खरं सांग.

आई : तेव्हाही शाळेचा कार्यक्रमच होता. सकाळी तिचं माप घेतलं. ती गुदगुल्या होतात म्हणून हलत होती, मी ओरडले तिला. नवा कागद कापला नाही. म्हटलं, एकाच ड्रेसचा प्रश्न, सरळ कापडावरच बेतते. बेतलं. दुपारी आली ती अंग गरम घेऊन. मला वाटलं उन्हाचं असेल. आठ दिवस, बस. बेतलेलं कापड मशीनवर तसंच होतं, बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे. तेव्हाच ठरवलं, आपल्या पोरीला पुन्हा टेप लावायची नाही.

मी : कापड बेतलं म्हणून कुणाच्या जिवावर बेतत नाही, आई.

आई : मला कळतं. अडाणी नाही मी. पण हाताला कळत नाही.

मी : आणि तो शेवटचा तुकडा? तो पण कागदावर आहे का कुठे?

आई : तो मी तुला कधी सांगितला नाही. तूच ठेवतेस.

बाबा : सांगायला कशाला हवं? तू दर जेवणात भांड्यात एक ठेवतेस. ती बघून शिकली.

मी : हसताना तोंडावर हात? तोही बघून? पण फोटो तर एकच आहे.

आई : तू तीनेक वर्षांची असशील. बाहेर यांच्याशी खेळताना खदखदून हसलीस. मी आत चहा गाळत होते. सगळं टाकून धावत आले. कोण हसलं, कोण हसलं, असं ओरडत. तू माझ्याकडे बघितलंस आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलंस. तेव्हापासून.

मी : म्हणजे माझं हसणं तिच्यासारखं आहे?

आई : मला नाही आठवत.

मी : असं कसं? तुला तिचे इंच पाठ आहेत.

आई : इंच कागदावर आहेत. हसणं कुठे लिहून ठेवलंय? आठवून ऐकायला गेले की तुझं येतं. डोळे मिटून तिचा चेहरा आणते, नाकापर्यंत बरा येतो, मग तू होतेस. तुझ्या मैत्रिणींना वाटतं तुझ्या मागे कुणी उभं आहे. तुलाही वाटतं, आईने तुझ्या अंगावर ताई चढवली. उलटं झालंय गं. तू रोज मोठी होतेस आणि तिला पुसत जातेस. तुझा दोष नाही. पण एक खांदा राहिला होता, तेवढा नक्की तिचा होता. तो मी तुझ्याच अंगावर ठेवला. दुसरं कुठे ठेवणार?

मी : ...

बाबा : छोटे, पैज विसरलीस वाटतं. इतका वेळ गप्प?

मी : बाबा, आता विनोद नको.

बाबा : नको.

मी : आई, रडू नकोस ना. बँकेतल्या बाईंच्या ड्रेसवर पडेल.

आई : तो केव्हाच बाजूला ठेवलाय. सवय असते आम्हाला.

मी : ऐक. कागद आहे का कोरा? खाकी?

आई : मशीनच्या मागे गुंडाळी आहे.

मी : मग घे टेप.

आई : नको गं.

मी : घे. मी हलणार नाही. माझं अंग गरम आहे का? बघ, लाव हात. हा आठवा. आहे?

आई : नाही.

मी : उद्या पण नसेल. आणि असलं तर ताप असेल, नुसता ताप. गोळी घेईन आणि शनिवारी नाकातून "सुस्वागतम्" म्हणेन. घे ना.

आई : एकटीने धरवायची नाही मला. चुकेल.

मी : बाबा, ते बूट ठेवा खाली. एक टोक तुम्ही धरा. हात पुसा आधी, काळे आहेत!

बाबा : हे काय, पुसले. कुठे धरू?

आई : इथे. हाडावर. घट्ट नको. खांदा ते खांदा... साडेचौदा.

मी : सरळ?

आई : सरळ.

मी : मग लिही. डाव्या खांद्याला निळी रेघ मार.

आई : लालवर?

मी : नव्या कागदावर. लाल कशाला खोडायची? ते जुने कागद तसेच गुंडाळून ठेव, नवा रबर लाव. कापताना खांदा सरळ काप. पण आत त्या बाजूला बोटभर माया जास्त सोड. बाहेरून दिसायला नको, मला ओढायला नको. पण असू दे आत.

आई : बोटभर खांद्यात जाड होईल.

मी : शिवणारणीची परीक्षा आहे. तुझा एकही ड्रेस परत आलेला नाही म्हणतेस ना?

आई : हात वर कर. आणि हसू नकोस, टेप हलते.

मी : गुदगुल्या होतायत!

आई : होऊ देत. हस. मी थांबते.

बाबा : पाठ राहिली गं. पाठीचं माप.

आई : वळ. हलू नकोस. मानेपासून कमरेपर्यंत... पंधराला एक दोरा कमी. आता कोपऱ्यात काय लिहू, वय पंधरा?

मी : लिही. पाच महिने आगाऊ. आणि आता दोघंही ऐका, मी काय ठरवलंय ते. या वेळी तुम्ही मध्ये बोलायचं नाही. उद्यापासून बसमध्ये मी दांडा धरून उभी राहणार, तुमच्या सीटच्या मागे. टोपी तुमच्या डोक्यावर घाला. उतरले की काचेवर टकटक मात्र करणार नाही, ती तिची. मी दारातून ओरडेन, निघा. शेवटचा तुकडा आईने ठेवला तर मी खाणार आणि विचारणार, अजून आहे का. मला छोटी म्हणायचं बंद. कारण मी आज हिशेब केला, भिंतीवरच्या तिच्यापेक्षा मी पाच दिवसांनी मोठी आहे. तिला आता मी ताई नाही म्हणणार. ताई मी आहे, ती माझ्या पाठची. आणि स्टेजवर मी मागे वळून बघितलं तर इंजिनला हसू दे. लहान बहीण मागून नीट येतेय ना, हे मोठीने बघायचंच असतं.